बर्फावरचं सूत्रसंचालन

ऑकलंडच्या फ्लॅट बुश या उपनगरातल्या आमच्या ‘सह्याद्री कट्टा’ मंडळात अकरा कुटुंबं आहेत आणि एक माइक. अध्यक्ष आहेत, उपाध्यक्ष आहेत, खजिनदार आहे, खजिनदारावर लक्ष ठेवायला सहखजिनदार आहे. सूत्रसंचालक मात्र एकच, आणि तो मी. हे पद मला कुणी दिलेलं नाही. एका संक्रांतीला ठरलेला माणूस मोटरवेवर अडकला, म्हणून मी ‘हॅलो, हॅलो’ करत माइक हातात घेतला, तो अजून खाली ठेवलेला नाही. ऑफिसात मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामाची ओळख करून देतो. मंडळातही तेच करतो, फक्त मधे मधे चारोळ्या टाकतो. चारोळ्या माझ्याच असतात. त्या ऐकताना माझी बायको विनिता पर्समध्ये काहीतरी शोधत असते.

ऑकलंडमध्ये बर्फ पडत नाही. इथे जन्मलेल्या आमच्या मुलांनी बर्फ पाहिलाय तो फ्रीजरमध्ये आणि ख्रिसमसच्या कार्डांवर, आणि ख्रिसमस तर इथे भर उन्हाळ्यात येतो. तेव्हा जुलैच्या सुट्टीत मुलांना रुआपेहूच्या डोंगरावर न्यावं आणि एक दिवस बर्फात मनसोक्त खेळू द्यावं, असं मंडळाच्या बैठकीत निघालं. दुसऱ्या कुणी पोरांना गाडीत घातलं असतं, वर गेल्यावर घसरगाडी भाड्याने घेतली असती आणि संध्याकाळी परत आणलं असतं. आम्ही समिती नेमली.

समितीने त्या दिवसाला ‘हिमोत्सव’ असं नाव दिलं. नाव मी सुचवलं होतं. मग नाव दिल्यावर नुसतं खेळून कसं चालेल? आमचे अध्यक्ष बाळासाहेब सांगलीच्या बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेत. त्यांच्या मते दीपप्रज्वलनाशिवाय जी सुरू होते ती सहल, कार्यक्रम नव्हे. त्यामुळे दीपप्रज्वलन आलं, प्रास्ताविक आलं, अध्यक्षीय मनोगत आलं. मुलांसाठी हिम-लिंबू-चमचा आणि हिम-संगीत-खुर्ची आली. कुठल्याही शब्दाला ‘हिम’ जोडला की तो बर्फातला खेळ होतो, असा आमचा शोध होता. आणि व्यासपीठासमोर बर्फावर रंगांची रांगोळी. ही कल्पना कुणाची, ते सांगायला नकोच.

आता ओवीबद्दल. ओवी माझी मुलगी, आठ वर्षांची, तिसरीतली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. सहलीच्या आदल्या दिवशी सकाळी टोस्ट खाता खाता तिने मला विचारलं, “बाबा, आर यू डुइंग द माइक टुमॉरो?”

“अगं, थोडासा,” मी म्हणालो.

तिने टोस्ट खाली ठेवला. तिचं म्हणणं मला ठाऊक होतं. दिवाळीच्या कार्यक्रमात ती नाचली होती. मी तिच्यावर खास चारोळी करून तिचं नाव पुकारलं, आणि पाहुण्यांना द्यायची शाल गाडीत राहिली म्हणून पळत पार्किंगमध्ये गेलो. परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. मी माइकवरून “वा, काय सुंदर नृत्य झालं!” असं म्हणालो, आणि स्टेजवरून उतरता उतरता ती माझ्याकडे जी बघत राहिली, ते मला अजून आठवतं. गणपतीतही तसंच काहीसं झालं होतं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला आम्ही तिघं एका गाडीतून जातो, आणि हॉलच्या दारापासून ती आणि विनिता अशा दोघीच असतात.

“स्नो डेला यू आर विथ मी,” ओवी म्हणाली. “ओन्ली मी. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” मी म्हणालो. माझ्या डाव्या हातातल्या फोनवर तेव्हा बाळासाहेबांचा मेसेज उघडा होता: ‘माझा परिचय थोडा विस्ताराने करावा.’

ओवी दात घासायला गेल्यावर विनिता म्हणाली, “देवव्रत, तिने तुझ्याकडे दुसरं काहीही मागितलेलं नाही. बर्फसुद्धा नाही मागितला.”

“अगं, छोटासाच आहे कार्यक्रम. अर्ध्या तासात उरकतो आणि मग दिवसभर तिच्याबरोबर.”

“तुझा कुठला कार्यक्रम अर्ध्या तासात उरकलाय?” असं म्हणून ती डबे भरायला लागली. मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला नेहमीच राग येतो.

दुसऱ्या दिवशी अंधारातच बस निघाली. ड्रायव्हर ग्रॅहम हाफ पँटमध्ये होता आणि आम्ही होतं नव्हतं ते सगळं अंगावर घातलं होतं. बाळासाहेबांनी माकडटोपीवर हेल्मेट चढवलं होतं. सामानाच्या कप्प्यात पोह्यांची आणि साबुदाणा खिचडीची पातेली, पराती, समई, स्पीकर, ट्रॉफ्या आणि पुण्याहून आणलेले रांगोळीचे रंग. घसरगाड्या वर मिळतील असं ठरलं होतं. ओवी माझ्या शेजारी बसली होती. तिने मांडीवर एक बादली घेतली होती आणि बादलीत एक गाजर, दोन मोठी बटणं आणि माझा जुना मफलर होता. वाटेतल्या टाउमारुनुई गावापर्यंत ती मला आमचा स्नोमॅन कसा असेल ते सांगत होती. मी ‘हं, हं’ म्हणत होतो आणि मनात बाळासाहेबांच्या परिचयासाठी ‘हिमालयाएवढं व्यक्तिमत्त्व’ बरं की ‘हिमशिखर’ बरं याचा विचार करत होतो.

वर पोचलो तर ऊन पडलं होतं आणि सगळीकडे बर्फ. मुलं बसमधून उतरली आणि किंचाळत सुटली. आम्ही त्यांना परत बोलावलं आणि ओळीत उभं केलं. ग्रॅहम म्हणाला, दुपारनंतर पाऊस आणि वारा येतोय, दोन वाजता बस सुटलीच पाहिजे, नाहीतर रस्ता बंद होईल. “स्वीट ॲज!” असं, म्हणजे इथल्या बोलीत ‘एकदम झकास’, मी त्याला म्हणालो आणि रंगांचे डबे काढले.

“बाबा, नाउ?” ओवी बादली घेऊन उभी होती.

“दोन मिनिटं, राणी. एवढी रांगोळी काढतो.”

खेळायच्या जागेच्या जरा बाजूला स्वच्छ, सपाट बर्फ होता. काय सांगू, रांगोळीसाठी इतकी सुंदर जमीन मला जन्मात मिळाली नव्हती. मी मधोमध मोठं कमळ काढलं, भोवती वेलबुट्टी, आणि खाली देवनागरीत, हाताएवढ्या अक्षरांत ‘किया ओरा’. इथल्या मूळच्या माओरी लोकांचा नमस्कार, मराठी लिपी, पुण्याचे रंग. दोन्ही संस्कृतींचा संगम म्हणतात तो हाच, असं मला वाटलं. मी वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले. मागे वळून पाहिलं तर ओवी बादली उलटी घालून तिच्यावर बसली होती.

मग दीपप्रज्वलन. समई पेटेना. वारा असा की काडी ओढली की विझायची. चार माणसं शाली धरून आडोसा करत होती, एकाची शाल जरा जळली, समई नाही पेटली. शेवटी बाळासाहेबांनी फोनचा टॉर्च लावून तो समईवर ठेवला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे घसरगाडीवरून येणारी एक गोरी पोरगी आमच्याकडे बघता बघता कुंपणाच्या जाळीत गेली.

प्रास्ताविक मी केलं. बर्फावर दोन चारोळ्या झाल्या. मग बाळासाहेबांचा परिचय सुरू केला. मुलांच्या अंगावर स्पर्धेचे नंबर टाचले होते आणि ती ओळीत उभी राहून बुटांनी जमीन खरवडत होती. ओवी ओळीच्या टोकाला होती. मी तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या, ‘झालंच’ अशा अर्थी. तिने मान फिरवली, अंगावरचा नंबर काढला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि ओळ सोडून निघून गेली. रांगोळीपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली.

त्या क्षणी कॉलरचा माइक काढून ठेवून मी तिच्यामागे जायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण बाळासाहेबांचा परिचय सांगली शाखेपर्यंतच आला होता, अजून मिरज आणि इचलकरंजी बाकी होती. मी वाचत राहिलो. आवाजात नेहमीचा चढउतारही आणत राहिलो. इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मिरजेला पोचलो तेव्हा हिरव्या जॅकेटमधली एक बाई रांगोळीपाशी येऊन उभी राहिलेली दिसली. ती या नॅशनल पार्कची रेंजर होती. तिने खाली वाकून ओवीला काहीतरी विचारलं. ओवी उठली, हात पूर्ण लांब केला आणि सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. इतक्या लांबून मला शब्द ऐकू आले नाहीत, पण ते ‘माय डॅड’ असणार यात शंका नव्हती. सगळ्या सभेने त्या बोटाच्या दिशेने पाहिलं.

“किया ओरा,” रेंजरबाई माझ्याजवळ येऊन म्हणाली. पुढचं सगळं इंग्रजीत. “ते तुम्ही काढलंत?”

मी खुललो. मी तिला रांगोळीची परंपरा सांगू लागलो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “फार सुंदर आहे. पण हा डोंगर इथल्या माओरी लोकांचा पूर्वज आहे. त्याच्या अंगावर आम्ही काही सांडत नाही, आणि हा बर्फ वितळून खालच्या झऱ्यांत जातो. तेव्हा एक काम करा. सगळं उचला आणि घरी घेऊन जा.”

“सगळं म्हणजे?”

“रंग लागलेला सगळा बर्फ,” ती हसून म्हणाली. “आणि खालपर्यंत. गुलाबी खोल गेलाय.”

माइक माझ्या कॉलरला लावलेला होता आणि चालू होता. हे सगळं संभाषण सह्याद्री कट्ट्याने स्पीकरवरून ऐकलं. त्या स्पीकरमधून इतका स्वच्छ आवाज त्याआधी कधी आला नव्हता.

मला लाज वाटली, खरी लाज. आपल्याकडे कुणी गडाच्या भिंतीवर नाव कोरलं की मी तावातावाने फेसबुकवर लिहिणारा माणूस. ‘या लोकांना फटके द्यायला हवेत’ हे माझं ठरलेलं वाक्य. आणि इथे मी दुसऱ्याच्या डोंगरावर, तीन रंगांत, हाताएवढी अक्षरं काढून ठेवली होती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे, मी थोड्या वेळाने येऊन बघते.

“देवव्रत, मग माझा परिचय?” बाळासाहेबांनी विचारलं.

“द्या इकडे,” असं म्हणत सुशीलने माझ्या कॉलरचा माइक काढून स्वतःच्या कॉलरला लावला. सुशील आमचा उपाध्यक्ष. या क्षणाची तो कैक वर्षं वाट बघत होता. बाकीचे सगळे माझ्यापासून थोडे लांब सरकले. ‘आम्ही आधीच म्हणत होतो’ असं म्हणणारे निदान तिघं तरी मला ऐकू आले. बैठकीत त्यांनीच टाळ्या वाजवल्या होत्या.

विनिताने खिचडीची परात रिकामी करून माझ्या हातात दिली आणि वर एक कालथा ठेवला. मी रांगोळीपाशी गेलो, गुडघे टेकले आणि ‘किया’पासून खरवडायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने शेजारी एक बादली येऊन आपटली.

“बाबा,” ओवी म्हणाली, “यू आर इन सो मच ट्रबल.” तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. सकाळपासून पहिल्यांदा. तिच्या हातात पोह्यांचा झारा होता.

“हो ना गं. मदत करतेस?”

तिने जरा विचार केला, मला पुरेसं ताटकळत ठेवलं आणि मग माझ्यासमोर बसली. पहिल्या दोन घावांतच आमच्या लक्षात आलं की झाऱ्याच्या भोकांतून बर्फ गळतो. तिने माझ्या हातातला कालथा काढून घेतला आणि झारा मला दिला. चुकलेल्या माणसाला हत्यार निवडायचा हक्क नसतो. मी ‘किया’ खरवडत होतो, ती ‘ओरा’. दर थोड्या वेळाने ती माझ्या बाजूला येऊन तपासायची आणि म्हणायची, “मिस्ड अ बिट.” रेंजरबाईचं खरं होतं, गुलाबी फार खोल गेला होता. आम्ही कोपरापर्यंत हात घालून खणत होतो. कमळाच्या पाकळीखाली तिला एक निळसर, काचेसारखा कडक थर लागला. तिने मला त्याच्यावर गाल टेकवायला लावला. मग स्वतः टेकवला. आम्ही दोघं बर्फावर गाल टेकून समोरासमोर आडवे पडलो होतो, आणि मागे सुशील म्हणत होता, “आता येत आहे हिम-लिंबू-चमचा! स्पर्धकांनी कृपया पुढे यावं.”

स्पर्धक पुढे आले, ते आमच्याकडे. पहिल्यांदा बाळासाहेबांची नात ईशा आली, मग वरुण, मग जुई, मग सगळीच. ‘हे काय चाललंय’ असं प्रत्येकाने विचारलं आणि ओवीने प्रत्येकाला मोठ्या अभिमानाने सांगितलं, “माय डॅड डिड समथिंग रिअली बॅड.” लिंबं तिकडेच राहिली, चमचे इकडे आले. कुणी पळी आणली, कुणी डाव. ओवीने कामं वाटून दिली, हिरवा बर्फ पातेल्यात, पिवळा परातीत. रंगीत बर्फ कुणी फेकायचा नाही, फेकायचा तर फक्त पांढरा, आणि तोही फक्त बाबांवर. हा नियम सगळ्यांना ताबडतोब पटला.

मग आईवडील आले, कारण त्यांची मुलं इकडे होती. सुशील कुणाला उद्देशून बोलावं ते न कळून काही वेळ बोलत राहिला. शेवटी बाळासाहेबही आले. “मला वाकवत नाही,” असं म्हणत ते हेल्मेटसकट खाली बसले आणि डावाने इतकं व्यवस्थित खरवडू लागले की तसं मनोगत त्यांनी कधी केलं नसेल. विनिताने पेल्यांतून चहा फिरवला. मला सगळ्यात शेवटी दिला, पण दिला.

ओवीच्या बादलीतला बर्फ तोवर सगळे रंग मिसळून जांभळट-करडा झाला होता. “दिस हॅज टू गो होम एनीवे,” असं म्हणून तिने तो परातीत उपडा केला आणि त्याचा माणूस करायला घेतला. मी डोकं केलं. ते वाकडं झालं. गाजर बसेना, बटणं घसरायला लागली. दिसायला तो कुपोषित भोपळ्यासारखा होता, आणि माझ्या मफलरने त्याची शोभा आणखीच गेली. ओवीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “ही लुक्स लाइक यू.”

रेंजरबाई परत आली, तिने सगळीकडे बूट फिरवून पाहिलं आणि अंगठा वर केला. तेवढ्यात वारा सुटला, ग्रॅहमने हॉर्न वाजवला आणि आम्ही रंगीत बर्फाने भरलेली पातेली उचलून बसकडे पळालो. संगीत-खुर्ची झाली नाही. अध्यक्षीय मनोगत झालं नाही. ट्रॉफ्या खोक्यातून निघाल्याच नाहीत. परातीकडे पाहून ग्रॅहम म्हणाला, “नो वरीज, पण माझ्या सीटवर नको.” ती सामानाच्या कप्प्यात गेली. ओवीने तिच्या खाली स्वतःचं जॅकेट अंथरलं.

परतीच्या वाटेवर काचांवर पाऊस आपटत होता. विनिता पलीकडच्या सीटवर झोपली होती. ओवीने ओले मोजे काढून पाय माझ्या मांडीखाली खुपसले होते. मोजे गार, पाय गार, नाक गार. मी जरा हळवा झालो होतो आणि अशा वेळी मला प्रश्न विचारायची खोड आहे.

“तुला सगळ्यात काय आवडलं गं?” मी विचारलं. मला वाटलं ती बर्फ म्हणेल, किंवा परातीतला तो भोपळा.

“व्हेन यू गॉट इन ट्रबल,” ओवी म्हणाली.

“का?” मी हसलो. “बाबांना सगळ्यांसमोर रागावले म्हणून?”

“नो.” तिचे डोळे मिटायला आले होते. “बिकॉज देन नोबडी एल्स वॉन्टेड यू.”

एवढं बोलून तिने माझ्या दंडावर डोकं टाकलं आणि झोपली. पुढच्या सीटवरून बाळासाहेब उठून उभे राहिले होते आणि बसचा माइक हातात धरून मला बोलावत होते. “देवव्रत! अरे, आभारप्रदर्शन राहिलं ना! ये पुढे!” दोन-चार जणांनी माना वळवल्या. सुशीलने उठायची तयारी केली, पण बाळासाहेब म्हणाले, नाही, त्यालाच येऊ दे, तोच चांगलं करतो.

माझ्या दंडाला मुंग्या आल्या होत्या. मी डोळे मिटून घेतले आणि घोरल्याचा आवाज काढला.